उरुबांबाच्या काठचे इंकांचे अवशेष



पेरू देशाच्या दक्षिण भागात अँडीज पर्वताच्या रांगांमधून एक नदी वायव्येकडे वाहत जाते. उगमाच्या बाजूला तिला विल्कानोता म्हणतात. खाली उतरल्यावर तीच उरुबांबा होते आणि अखेर उकायाली नदीच्या द्वारा तिचे पाणी ॲमेझॉनला मिळते. पिसाकपासून ओयान्तायताम्बोपर्यंतचा या नदीच्या खोऱ्याचा सुमारे साठ किलोमीटरांचा पट्टा प्रवासी-पुस्तिकांमध्ये ‘पवित्र खोरे’ या नावाने ओळखला जातो. इंकांनी बांधलेल्या वास्तूंचे जे अवशेष जगभर विख्यात आहेत, त्यांपैकी बरेचसे या पट्ट्यात आणि त्याच्या खालच्या अंगाला आहेत. ते पाहावयास जाणारा प्रवासी बहुधा दगडांकडे पाहतो, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि या खोऱ्याची खरी कथा दगडाइतकीच पाण्याची आहे. आणि ते पाणी ज्यांनी आणले, राखले आणि वाटून घेतले, त्या माणसांची आहे.

प्रवासाचा आरंभ कुस्कोपासून करावा लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंचीवरील हे नगर इंकांची राजधानी होते. परंपरेने मानलेल्या कालगणनेनुसार १४३८च्या सुमारास पाचाकुती हा इंका गादीवर आला आणि अवघ्या तीन पिढ्यांत एका डोंगरी राज्याचे साम्राज्य झाले. आजच्या कोलंबियाच्या दक्षिण सीमेपासून चिलीच्या मध्यापर्यंत ते पसरले होते. त्याचे नाव होते तावान्तिन्सूयु, म्हणजे चार भागांचा एकत्र प्रदेश. या लोकांपाशी लोखंड नव्हते, गाडीचे चाक नव्हते, ओझे ओढणारे जनावर नव्हते. लामा हा त्यांचा ओझ्याचा प्राणी. पण तो फार तर पंचवीस-तीस किलो वजन पाठीवर वाहतो, ओढत काहीच नाही. आपल्या अर्थाने लिपीही नव्हती. हिशेब राखला जाई तो दोऱ्यांना मारलेल्या गाठींत. या गाठींच्या दोऱ्यांना किपू म्हणतात. त्यांतील दशमान संख्यापद्धती लेलंड लॉक या अमेरिकन अभ्यासकाने १९१२ मध्ये उलगडून दाखवली. संख्यांपलीकडे त्या गाठींत आणखी काय बांधून ठेवले आहे, यावर विद्वान अजून वाद घालीत आहेत.

कुस्कोच्या गल्ल्यांतून चालताना भिंतींचे खालचे थर इंकांचे आणि वरचे स्पॅनिशांचे असे सहज ओळखता येतात. खालचा दगड चुन्याशिवाय, एकाला एक असा भिडवलेला, की दोन चिऱ्यांमधली दर्ज डोळ्यांना जेमतेम दिसावी. सूर्याचे मंदिर होते त्या कोरिकांचाच्या जोत्यावर स्पॅनिशांनी ख्रिस्ती मठ उभारला. २१ मे १९५० रोजी कुस्कोला भूकंपाचा जबर धक्का बसला. मठाच्या बांधकामाची पडझड झाली. तिच्याआड दडलेल्या इंकांच्या भिंती मात्र जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि कित्येक ठिकाणी प्रथमच उघड्या पडल्या. ही हकिकत कुस्कोमध्ये प्रत्येक वाटाड्या सांगतो, आणि ती सांगताना त्याच्या मुद्रेवर जो भाव उमटतो तो केवळ पुरातत्त्वप्रेमाचा नसतो.

नगराच्या डोक्यावर असलेल्या साक्सायवामानच्या प्रचंड तटबंदीवरून पुढे जाणारा रस्ता डोंगरकडा ओलांडतो आणि एकाएकी खाली उरुबांबाचे खोरे दिसू लागते. कडेचे डोंगर उघडे, तपकिरी. तळाशी मात्र हिरव्या शेतांची चौकटी. नदी वळणे घेत येते आणि पिसाकपाशी जवळजवळ सरळ रेषेत वाहू लागते. ही सरळ रेषा निसर्गाची नव्हे. इंकांनी येथे सुमारे तीन किलोमीटरांपर्यंत नदीला दगडी बांधांमध्ये बसवले आणि तिच्या वळणांखाली वाया जाणारी गाळाची जमीन शेतीखाली आणली. खोऱ्यात पाहण्यासारखे जे जे आहे त्यात ही गोष्ट बहुतेक प्रवाशांच्या नजरेतून सुटते. कारण ती अवशेषासारखी दिसतच नाही, ती नदीसारखी दिसते.

पिसाकच्या डोंगरावर चढताना पायऱ्यापायऱ्यांची शेते लागतात. आपल्याकडे डोंगरउतारावर ताली घालतात त्याच जातीची ही रचना. पण येथे तिचे शास्त्र झाले होते. आधी दगडी भिंत उभारावयाची, तीही किंचित आतल्या अंगाला कललेली. तिच्या मागे तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळूमिश्रित भर आणि सर्वांत वर खोऱ्यातून वाहून आणलेली सुपीक माती. पावसाचे पाणी मातीत मुरावे, पण साचून भिंतीला फुगवू नये, अशी ही योजना. दिवसा उन्हाने तापलेली भिंत रात्री ऊब सोडते आणि कोवळ्या पिकाचे थंडीपासून थोडेफार रक्षण होते. भिंतीतून बाहेर काढलेले लांब दगड म्हणजे एका पायरीवरून दुसरीवर जाण्याचा जिना. चार दगडांनी काम भागले, आणि जागाही अडली नाही.

वर, डोंगराच्या सोंडेवर, घडीव दगडांची मंदिरे आहेत, स्नानाची कुंडे आहेत आणि समोरच्या कड्यात थडग्यांची असंख्य भोके आहेत. ही थडगी लुटारूंनी केव्हाच धुंडाळून रिकामी केली. पण पिसाकविषयी सांगण्यासारखी दुसरी गोष्ट खाली, आजच्या गावात आहे. १५७०च्या दशकात फ्रान्सिस्को दे तोलेदो या स्पॅनिश राजप्रतिनिधीने डोंगरांवर विखुरलेल्या वस्त्या मोडून लोकांना आखीव रस्त्यांच्या नव्या गावांत आणून बसवले. कर वसूल करणे, खाणींसाठी माणसे धरणे आणि धर्मोपदेश करणे या तिन्ही कामांना हे सोयीचे होते. आजच्या पिसाक गावाचा उगम या धोरणात आहे. देवी आणि गोवर यांच्या साथींनी माणसे आधीच पटापट मेली होती. उरली ती खाली आणली गेली. वरच्या पाटांतील गाळ काढणारे हातच राहिले नाहीत. एका पावसाळ्यात पाट फुटतो, दुसऱ्यात वरची भिंत ढासळते. पुढील कामाला तिसऱ्या कुणाची गरज पडत नाही.

पिसाकपासून पुढचा रस्ता नदीच्या काठाने जातो. दोन्ही बाजूंना मक्याची शेते. येथील पांढऱ्या मक्याचा दाणा इतका मोठा असतो की पाहुण्याला तो कुठल्या निराळ्याच धान्याचा वाटावा. घराच्या दाराबाहेर उंच काठीला लाल फडके किंवा पिशवी बांधलेली दिसली, की त्या घरी चिचा, म्हणजे मक्याची आंबवलेली पेज, तयार आहे असे समजावे. पेला हाती आल्यावर जुनी माणसे त्यातले चार थेंब आधी भूमीला देतात आणि मग स्वतः पितात. उंचावरच्या शेतांत बटाटा होतो. हा तर अँडीजचाच मूळ रहिवासी. केचुआ भाषेत त्याला पापा म्हणतात. स्पॅनिशांनी रताळ्यासाठी कॅरिबियन बेटांवरून उचललेला शब्द या दुसऱ्या कंदाला चिकटला, आणि तोच ‘बटाटा’ म्हणून मराठीत रुळला. भुईमूग आणि साबुदाणा ज्याच्यापासून करतात तो कंद, हीही दक्षिण अमेरिका खंडाचीच देणगी. या खोऱ्यात पिकणारी किविचा तर राजगिऱ्याच्याच कुळातली. आपल्या उपवासाच्या ताटाचा केवढा भाग त्या खंडातून आला आहे, हे ध्यानात आले म्हणजे गंमत वाटल्याखेरीज राहत नाही.

आणखी एक साम्य आहे. रात्री आकाशात दिसणाऱ्या ज्या धूसर पट्ट्याला आपण आकाशगंगा म्हणतो, त्याला केचुआ शेतकरी ‘मायू’ म्हणजे नदी असेच म्हणतात. खालची विल्कानोता आणि वरची मायू या त्यांच्या कल्पनेत एकाच जलचक्राचे दोन भाग आहेत. पृथ्वीवरचे पाणी वर चढते आणि पाऊस होऊन परत येते. गॅरी अर्टन या मानववंशशास्त्रज्ञाने मारासजवळच्या एका खेड्यात राहून ही माहिती गोळा केली आणि १९८१ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. ते लोक ताऱ्यांचीच नव्हे, तर ताऱ्यांमधल्या काळ्या डागांचीही नक्षत्रे पाहतात. त्यांत लामा आहे, बेडूक आहे, सर्प आहे.

मारास हे गाव खोऱ्याच्या वरच्या पठारावर आहे. त्याच्या खालच्या घळीत खाऱ्या पाण्याचा एक झरा आहे. ते पाणी उतारावरील हजारो लहान वाफ्यांत खेळवून मीठ काढतात. वाफे कुटुंबाकुटुंबांचे आहेत, पाणी मात्र सामाईक. तेथून जवळच मोराय येथे जमिनीतल्या नैसर्गिक खळग्यांत वर्तुळाकार पायऱ्या उतरत गेल्या आहेत. सर्वांत मोठा खळगा सुमारे तीस मीटर खोल आहे. वर आणि तळाशी तापमानात फरक पडतो, यावरून ही इंकांची कृषी-प्रयोगशाळा होती असे ठामपणे सांगितले जाते. तर्क आकर्षक आहे. पण तो तर्कच आहे, आणि फलकांवर मात्र तो सिद्धान्ताच्या थाटात लिहिलेला असतो. २०१० साली अतिवृष्टीने मोरायच्या काही भिंती कोसळल्या. पाणी बाहेर जाण्याची वाट राखली नाही तर इंकांची भिंतही इतर कोणत्याही भिंतीसारखी पडते, हे त्या वेळी दिसून आले.

आता ओयान्तायताम्बो. या एकाच ठिकाणी प्रवाशाने घाई करू नये. येथे डोंगरावर अपुरे राहिलेले मंदिर आहे आणि पायथ्याशी इंकांनी आखलेले गाव आहे. त्या गावात लोक आजही राहतात. एका मोठ्या दारातून आत जावे, मध्ये अंगण, भोवती खोल्या, अशा चौकांच्या रांगा. दारे खाली रुंद आणि वर अरुंद, भिंतींत त्याच घाटाचे कोनाडे. कोनाड्यात पूर्वी काय ठेवीत कोण जाणे; आता तेथे येशूची तसबीर, रेडिओ आणि बियाण्याची कणसे असतात. गल्लीच्या कडेने दगडी पाटातून वाहणारे पाणी अहोरात्र खळखळत असते.

डोंगरावरच्या मंदिरात गुलाबी दगडाच्या सहा प्रचंड शिळा एकमेकींना लागून उभ्या आहेत. त्यांतील मोठ्यांचे वजन सुमारे पन्नास टन भरेल. हा दगड येथला नव्हे. तो नदीच्या पलीकडल्या अंगाला, पाच-सहा किलोमीटरांवर, डोंगरात उंच असलेल्या काचिकाता येथील खाणींतला आहे. शिळा डोंगरावरून खाली आणावयाची, नदी ओलांडावयाची आणि पुन्हा चढणीने वर न्यावयाची, हे सारे केवळ दोरखंडांनी आणि माणसांच्या बळावर झाले. जाँ-पिएर प्रोत्सेन या वास्तुशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात या जागेचा बारकाईने अभ्यास केला. इंकांचे पाथरवट दगड कसा घडवीत हे पाहण्यासाठी त्याने नदीतले कठीण गोटे हाती घेतले आणि दुसऱ्या दगडावर ठोकून पाहिले. मोठ्या गोट्याने पृष्ठभाग साफ होतो, लहानाने कडा निघते. आणि इंकांच्या चिऱ्यांवर कडांपाशी जे बारीक ठोके दिसतात, तसेच ठोके त्याच्याही दगडावर उमटले. परग्रहावरून कोणी येऊन हे बांधून गेले, दगड वितळवण्याचे रसायन इंकांना ठाऊक होते, अशा गोष्टी पसरवणाऱ्यांनी एकदा तो गोटा हातात घेऊन पाहावा. अशा कथांमध्ये कल्पनाशक्ती थोडी आणि त्या पाथरवटांविषयीची तुच्छता फार असते.

खाणीपासून मंदिरापर्यंतच्या वाटेवर कित्येक शिळा तशाच टाकून दिलेल्या पडल्या आहेत. लोक त्यांना ‘थकलेले दगड’ म्हणतात. थकले कोण असेल ते सांगावयास नको. येथे हेही विसरता कामा नये, की हे श्रम सर्वस्वी राजीखुशीचे नव्हते. इंकांच्या राज्यात प्रत्येक घराने राज्यासाठी ठरावीक काळ कामाची पाळी द्यावी असा नियम होता. तिला मिता म्हणत. पाळीवर आलेल्यांना राज्य जेवू घाली, चिचा पाजी. पण नाही म्हणण्याची मुभा नव्हती. स्पॅनिशांनी हाच शब्द उचलला, जेवण्याखाण्याची जबाबदारी गाळली आणि माणसे पोतोसीच्या चांदीच्या खाणींत लोटली.

ओयान्तायताम्बोला इतिहासही घडला. १५३२ मध्ये काहामार्का येथे स्पॅनिशांनी आताहुआल्पा या इंकाला कपटाने पकडले आणि पुढच्या वर्षी ठार केले. त्यांनी गादीवर बसवलेला मांको इंका १५३६ मध्ये त्यांच्यावरच उलटला. पुढे तो या ठिकाणी आला. एर्नांदो पिसारोचे घोडदळ चालून आले, तेव्हा मांकोच्या लोकांनी पाटांचे पाणी सोडून पायथ्याचे मैदान जलमय केले. चिखलात घोडे अडकले आणि स्पॅनिशांना माघार घ्यावी लागली. त्या मोहिमेतील एका स्पॅनिश सैनिकानेच ही हकिकत पुढे लिहून ठेवली आहे. शेतासाठी काढलेल्या पाटाने असे एकदा युद्ध जिंकले. जय मात्र टिकाऊ नव्हता. मांको पुढे विल्काबांबाच्या जंगलात गेला. तेथे त्याच्या वंशाने राज्य टिकवले ते १५७२ पर्यंत. त्या वर्षी तुपाक आमारू या अखेरच्या इंकाचा कुस्कोच्या चौकात शिरच्छेद झाला.

ओयान्तायताम्बोहून माचू पिचूकडे रेल्वे जाते. खोरे चिंचोळे होत जाते, हवा दमट होते, निवडुंगाच्या जागी वेली आणि ऑर्किडे दिसू लागतात. माचू पिचू ढगांत आहे म्हणून ते कुस्कोहून उंच असेल असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ते सुमारे २४३० मीटरांवर, म्हणजे कुस्कोच्या जवळजवळ एक हजार मीटर खाली आहे. २४ जुलै १९११ रोजी हायरम बिंगहॅम हा अमेरिकन प्राध्यापक तेथे पोहोचला आणि ‘हरवलेले नगर’ सापडल्याची वार्ता जगाला मिळाली. ते कोणाचे हरवले होते? मेल्चोर आर्तेआगा या स्थानिक शेतकऱ्याने त्याला वाट दाखवली. वर पोहोचल्यावर इंकांच्याच पायऱ्यांवर मका आणि बटाटे पिकवणारी कुटुंबे त्याला भेटली, आणि त्यांच्यातला एक लहान मुलगा त्याला अवशेषांतून हिंडवून आणायला पुढे झाला. भिंतीवर आगुस्तीन लिसारागा या कुस्कोकडच्या माणसाने १९०२ साल घालून कोळशाने लिहिलेले आपले नावही होते. बिंगहॅमला ही मांकोच्या वंशाची विल्काबांबा वाटली. खरी विल्काबांबा एस्पिरितू पांपा येथे आहे. त्याच वर्षी तो तेथेही गेला होता, पण तिचे महत्त्व त्याला कळले नाही. माचू पिचू ही पाचाकुतीची खाजगी जहागीर होती, हे जॉन रो या अभ्यासकाने १५६८च्या एका कागदाच्या आधारे १९८०च्या दशकात दाखवून दिले. बिंगहॅमने नेलेल्या वस्तू येल विद्यापीठाने २०११ आणि २०१२ मध्ये पेरूला परत केल्या. शंभर वर्षे लागली.

या नगरीचे सौंदर्य छायाचित्रांनी इतके परिचित केले आहे, की त्याचे वर्णन येथे करण्याचे कारण नाही. जे छायाचित्रात येत नाही ते अधिक नवलाचे आहे. येथे वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जागा तर दोन शिखरांमधली निमुळती खिंड. केनेथ राइट या जल-अभियंत्याने आपल्या सहकाऱ्यांसह या जागेचा अभ्यास केला. डोंगराच्या उत्तर उतारावरील झऱ्याचे पाणी ७४९ मीटर लांबीच्या पाटाने नगरात आणले आहे, आणि ते एकाखाली एक अशा सोळा कुंडांतून उतरते. पहिले कुंड इंकाच्या निवासापाशी. इतरांचा नंबर त्याच्यानंतर. कुंडांत पाण्याची धार अशी पडते की घागर सहज भरावी. चौकांच्या हिरवळीखाली दगडाच्या कपचांचा जाड थर आहे, आणि भिंतींतून पाणी बाहेर जाण्यासाठी शंभरावर मोऱ्या काढल्या आहेत. राइट यांच्या अंदाजाप्रमाणे बांधकामाचे साठ टक्के श्रम जमिनीखाली, पायात आणि निचऱ्याच्या कामात गेले असावेत. आज जे दिसते ते उभे राहिले आहे ते न दिसणाऱ्याच्या जोरावर.

येथे राहणारे सेवक कोण होते, याचाही उलगडा अलीकडे होत आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात येथील थडग्यांतील चौतीस व्यक्तींचे डीएनए तपासले गेले. ती माणसे साम्राज्याच्या दूरदूरच्या भागांतून, काही तर ॲमेझॉनच्या अरण्यप्रदेशातून आलेली निघाली. कुंडापाशी रांगेत उभे राहणाऱ्यांत किती भाषा बोलल्या जात असतील!

परतीची गाडी पुन्हा ओयान्तायताम्बोला येते. बहुतेक प्रवासी तेथून तडक कुस्कोचा रस्ता धरतात. पण या गावाच्या मागे, उत्तरेकडे, पाताकांचा नावाचा ओढा आहे आणि त्याच्या काठाने वर गेले असता पुमामार्का हे लहानसे ठाणे लागते. या बाजूचा इंकांचा एक पाट कित्येक पिढ्या कोरडा पडला होता. ॲन केंडॉल या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ बाईंनी १९७७ पासून जवळच्या कुसिचाका खोऱ्यात उत्खनन चालवले होते. उत्खनन करता करता त्यांना वाटू लागले, की पाटाचे नुसते मोजमाप घेण्यापेक्षा त्यातून पाणी सोडावे. आधी कुसिचाकात, नंतर १९९०च्या दशकात पाताकांचात, गावकऱ्यांच्या सहकार्याने जुने पाट दुरुस्त झाले. सिमेंट वापरले नाही. भूकंपाच्या प्रदेशात सिमेंटला तडा जातो. ओली चिकणमाती हादऱ्याबरोबर सरकते आणि पाण्याने फुगून पुन्हा बसते. माती, वाळू, दगड आणि निवडुंगाचा चिकट रस या जुन्याच साहित्याने सांधे भरले गेले. शेकडो एकर पायऱ्यांना पाणी मिळाले आणि त्यांवर पुन्हा मका आणि बटाटा उभा राहिला.

पाट एकदा दुरुस्त झाला म्हणजे काम संपत नाही. दरवर्षी पेरणीच्या आधी तो साफ करावा लागतो. गावाने दिवस ठरवावयाचा, प्रत्येक घरातून एक माणूस टिकाव-फावडे घेऊन यावयाचे, वरच्या टोकापासून गाळ काढत खाली यावयाचे. ज्या घरातून कोणी आले नाही, त्याच्या पाळीच्या पाण्याचा प्रश्न मग सभेत निघतो. चिचाचा मडका बरोबर असतोच. साफसफाई आटोपली, की वरचा बंद उघडतात. काही वेळाने पाणी गढूळ होऊन येते, आणि मुले त्याच्या तोंडाबरोबर पाटाच्या कडेने खाली धावत सुटतात.